चार ओळी दिल्या असत्या तर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

व्हिडिओ गेममध्ये भिंतीतून आरपार जाणाऱ्या गोळीवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. त्याच दिवशी उत्तर दिलं असतं तर रागात दिलं असतं, म्हणून चार दिवस थांबलो. राग अजून पुरता गेलेला नाही, पण आता लिहायलाच हवं.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. लेखाच्या शेवटच्या उदाहरणात मी ‘कायनेमॅटिकबॉडी२डी’ हा नोड (गेममधली हलणारी वस्तू सांभाळणारा तयार घटक) वापरला होता. तो गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीतला, म्हणजे गोडो ३ मधला. मार्च २०२३ मध्ये गोडो ४ आलं तेव्हा त्याचं नाव ‘कॅरॅक्टरबॉडी२डी’ झालं आणि ती वस्तू सरकवणाऱ्या ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनला वेग कंसात द्यायची पद्धतही गेली. कुणी माझा कोड तसाच उचलून टाकला असता तर एरर आला असता. काल रात्री दुरुस्त केलं. आभार.

हे सांगायला एक ओळ पुरली असती. पण पुढे तुम्ही लिहिलंत, ‘रेकास्टच्या चार ओळी दिल्या असत्या तर काम झालं असतं, त्याऐवजी पोराला दहा प्रश्न विचारून ज्ञान पाजळलंत.’ (रेकास्ट म्हणजे गोळीच्या वाटेवर अदृश्य रेघ टाकून मध्ये काही आडवं येतं का ते तपासणं.) तुमचं हे वाक्य मला लागलं. दिवसभर नोकरी करून रात्री दहानंतर जो वेळ उरतो, त्यात मी अनोळखी मुलांचे प्रोजेक्ट उघडून बसतो. तिथे मला कुणासमोर काय पाजळायचं आहे?

आणि प्रश्न दहा नव्हते, पाच होते. मोजून बघा.

मदत मागणाऱ्या त्या मुलाची तक्रार होती की त्याच्या गेममधली गोळी कधी भिंतीला लागते, कधी आरपार जाते. या ‘कधी’मुळे तो हैराण झाला होता, त्याला वाटत होतं की गोडोमध्येच बग आहे. मी विचारलं, गोळी कशाने हलवतोस? तो म्हणाला, एरिया२डी (कशाला शिवलं ते फक्त ओळखणारा, अडवणारा नव्हे असा नोड) घेतलाय आणि दर फिजिक्स स्टेपला पोझिशन बदलतो. वेग किती? सेकंदाला १२०० पिक्सेल. भिंत किती जाड? ८ पिक्सेल. गोळी किती लांब? ४. आता हिशेब करा. गोडोमध्ये फिजिक्स, म्हणजे हालचाल आणि टक्कर यांचा हिशेब, मुळात सेकंदाला ६० वेळा चालतं, म्हणजे एका स्टेपमध्ये गोळी २० पिक्सेलची उडी मारते. भिंत आणि गोळी मिळून १२ पिक्सेल. उडीचा शेवट त्या १२ मध्ये पडला तर टक्कर नोंदवली जाते, उरलेल्या ८ मध्ये पडला तर गोळी भिंतीच्या पलीकडेच उगवते. खेळाडू कुठे उभा राहून झाडतो त्यावर सगळं ठरतं. त्या ‘कधी’चा उलगडा इथे होतो, आणि हा हिशेब त्या मुलाने स्वतः केला. मी फक्त आकडे विचारले.

इथे थांबून रेकास्ट दिला असता तर तुम्ही खूश झाला असता. पण माझा पाचवा प्रश्न होता, ‘वेग १२०० का ठेवलास?’ तुम्हाला सगळ्यात जास्त खटकलेला प्रश्न हाच दिसतो. त्याचं उत्तर असं आलं की आधी वेग ४५० होता, पण गोळी ‘लागल्यासारखी वाटत नव्हती’, म्हणून वाढवत वाढवत तो १२०० पर्यंत गेला. म्हणजे मूळ दुखणं भिंतीचं नव्हतंच. गोळी लागली तरी शत्रू ढिम्म हलत नव्हता, आवाज नव्हता, काहीच नव्हतं. आम्ही शत्रूला दोन-तीन फ्रेम पांढरं केलं, सहा पिक्सेल मागे ढकललं, एक छोटा ठोक्याचा आवाज टाकला आणि वेग परत ४५० वर आणला. आता उडी साडेसात पिक्सेलची, म्हणजे १२ च्या आत. रेकास्टशिवाय भिंत आपोआप सुधारली. तुमच्या चार ओळींनी भिंत नक्की सांभाळली असती, पण तो मुलगा पुढच्या आठवड्यात वेग २००० करून बसला असता आणि गोळी तरीही फुसकीच वाटली असती.

रेकास्ट चुकीचा आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. रायफलसारखी खरोखर वेगवान गोळी हवी असेल तर तोच वापरावा. लेखात हे आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. २०११ साली सांगलीत हॉस्टेलवर सी++ भाषा आणि एसडीएल ही गेमसाठीची लायब्ररी वापरून गेम करत होतो. माझ्या कॉम्प्युटरवर नीट चालायचा, मित्राच्या नव्या मशीनवर पात्र सुसाट पळायचं. एका जाणकाराकडे मदत मागितली, त्याने टायमरची दोनशे ओळींची फाइल दिली. चालली! पण तिच्यातलं मला काही कळत नव्हतं. सहा महिन्यांनी पॉझ बटण टाकायची वेळ आली तेव्हा सगळं कोसळलं आणि मी तो प्रोजेक्ट सोडला. पुढे दुसऱ्या एकाने कोड दिलाच नाही. त्याने एवढंच विचारलं, ‘तुझी लूप सेकंदाला किती वेळा फिरते?’ मोजून पाहिलं. माझ्याकडे ६० वेळा, मित्राकडे जवळजवळ २००. दर फेरीला ५ पिक्सेल, म्हणजे माझ्याकडे ३०० आणि त्याच्याकडे १०००. डेल्टा टाइम (मागच्या फेरीपासून गेलेला वेळ, ज्याने वेगाला गुणायचं) कशासाठी असतो हे मला त्या रात्री कळलं, ते आजतागायत विसरलेलो नाही. त्या प्रश्नाचं ऋण मी फेडतो आहे. त्याला तुम्ही पाजळणं म्हणता.

‘अशाने मुलं वैतागून निघून जातात,’ असंही लिहिलंत. काही जात असतील. माझ्या स्वतःच्या गेमबद्दल विचारलंत, त्याचा इथे संबंध नाही.

रेकास्टच्या त्या चार ओळी तुमच्याकडे तयार असतील तर गोडो ४ वर चालवून पाठवा, लेखाच्या शेवटी जोडतो. आणि त्या मुलाला ‘पोरगं’ म्हणू नका. तो हे सगळं वाचतो आहे.