देवगिरी ‘अजिंक्य’ होता काय?

‘देवगिरी ऊर्फ दौलताबाद लढून कोणालाच कधी घेता आला नाही, तो दरवेळी फितुरीनेच पडला, त्याच्या खंदकात मगरी होत्या, अंधारीत, म्हणजे खडकातल्या काळोख्या वाटेत, शिरलेला शत्रू जिवंत परतत नसे आणि ही सारी रचना यादवांची’, असा मजकूर सहलींचे दिवस आले की मोबाइलवर हमखास फिरू लागतो. त्यामागची किल्ल्याविषयीची आपुलकी समजण्यासारखी आहे; दावे मात्र तपासावे लागतात.

आधी फितुरी. 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला, तेव्हा युवराज शंकरदेव फौजेसह बाहेर गेलेला होता. यादव राजा रामचंद्रदेवाने गडाचा आसरा घेतला. फारसी तवारिखेनुसार, कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची जी पोती धान्याची समजून घाईघाईने वर नेली गेली, ती मिठाची निघाली. शंकरदेव परतून लढला, पण त्याचा पराभव झाला आणि शिबंदीला खायला काही नसल्याने राजाला तह करावा लागला. कडा शाबूत होता, कोठार रिकामे होते. यात फितूर कोणाला म्हणायचे?

1633 चा वेढा तर सरळ लढाईचा आहे. मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचा तट, अंबरकोट, फोडला, त्यानंतर आतला महाकोटही पडला. आत अन्नाचा तुटवडा होता. अखेर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फत्तेखान, ज्याच्या ताब्यात तेव्हा किल्ला होता, त्याने मोठी रक्कम घेऊन किल्ला स्वाधीन केला. फितुरीची कथा बहुधा या रकमेवरून रुजली असावी, आणि फत्तेखानाचे एकंदर वर्तन पाहता ती अगदीच निराधार नाही. परंतु सौदा झाला तो तटाला भगदाडे पडल्यानंतर, हा क्रम विसरता येत नाही.

सारी रचना यादवांची, हेही खरे नाही. अंबरकोटाचे नावच मलिक अंबरचे आहे. बुरुजावरची, मेंढ्याचे तोंड असलेली तोफ पाहून तरी शंका यायला हवी: यादवांच्या काळी दख्खनमध्ये तोफा नव्हत्या.

मगरींची गोष्ट खरी धरली, तरी तिच्यावाचून काही अडत नव्हते. टेकडीचा कडा सुमारे 50 मीटर उभा तासलेला असून त्याच्या पायथ्याशी खडकात कोरलेला खंदक आहे. तो ओलांडण्याचा जुना पूल मधोमध खोल ठेवलेला आहे, म्हणजे खंदकातली पातळी वाढवली की तो पाण्याखाली जातो. पोहून पलीकडे गेलेल्या माणसाच्याही समोर गुळगुळीत खडकच येणार.

राहिली अंधारी. खडकातला हा काळोखी, वळणांचा चढ खरोखरच बिकट आहे. त्याचे वरचे तोंड लोखंडी झाकणाने बंद करून त्यावर आग पेटवण्याची सोय होती. मात्र वरील दोन्ही वेढ्यांचा निकाल शत्रू तिथवर पोचण्याआधीच लागला. शिवाय बालेकिल्ल्याकडे जाणारी वाट तीच, त्यामुळे गडावरच्या शिबंदीला लागणारे धान्याचे प्रत्येक पोतेही याच काळोखातून पाठीवर वाहून न्यावे लागे.