ते भोक कुणी कोरलेलं नाही

‘पैठणच्या वाळूत सापडला सातवाहनकालीन मणी! भोक हाताने कोरलेलं. मराठवाड्यात समुद्र होता याचा पुरावा.’ एका शिंपल्याच्या फोटोसोबत हा मजकूर सगळीकडे फिरतोय. माझ्या वर्गातल्या मुलांनी तो खरा मानला, म्हणून लिहितोय.

आधी भोकाचं. फोटोत उपड्या वाटीसारखं कवच आहे आणि शेंड्यावर लांबट भोक. ही समुद्रातली गोगलगाय, कीहोल लिंपेट. पुढच्या कडेखालून ती पाणी आत घेते, ते कल्ल्यांवरून फिरतं आणि विष्ठेसकट या भोकातून बाहेर पडतं. भोक नसेल तर तिचा श्वासच कोंडेल! पिल्लू असताना तिच्या कवचाच्या कडेला नुसती खाच असते. कवच वाढतं तशी ती बंद होत शेंड्यावर येते. माणसाने पाडलेलं भोक कवचावरच्या कंगोऱ्यांना मधेच तोडतं. इथे सगळे कंगोरे भोकापाशी येऊन मिळतात. शिंपला उलटा करा, आतून भोकाला जाड, गुळगुळीत कड असते. ती गिरमिटाने तयार होत नाही. दुसऱ्या शिकारी गोगलगायीही शिंपल्यांना भोकं पाडतात, पण ती गोल असतात आणि शेंड्यावरच पडतील असं नाही.

सातवाहनांना समुद्री शंख माहीत होते, हे खरंच. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला शंखाच्या बांगड्या सापडल्यात. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचच्या बंदराला जायचा, हे ‘पेरिप्लस’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत नोंदलेलं आहे. म्हणजे शंख इथे व्यापारातून येत. त्यासाठी पैठणला समुद्र असायची गरज नाही.

आणि समुद्राचं म्हणाल, तर आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि तो लाव्हा जमिनीवर पसरला. गोदावरीत शिंपले मिळतात ते गोड्या पाण्यातले, दोन झडपांचे. लिंपेटला खारं पाणी लागतं. मग हा शिंपला वाळूत कसा आला? सहलीतून आणलेला, पूजेच्या साहित्यासोबत नदीत सोडलेला, काहीही असू शकेल. नुसत्या फोटोवरून त्याला दोन हजार वर्षांचं वय देता येत नाही.

कीहोल लिंपेटच्या एका जातीचं नावच मुंबईवरून आहे, डायोडोरा बॉम्बेयाना. कोकणात वेचलेले दोन लिंपेट माझ्याकडे आहेत. सोमवारी वर्गात आणतोय, भिंगासकट.