माझा नंबर, दीडशे रुपये

परवा घर बदललं. एक कुंडी सोडता सामान धड पोचलं आणि टेम्पोवाल्यानं कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब लिहून हातात ठेवला. गाडीभाडं, हमाल दोन, तिसऱ्या मजल्याचे जिन्याचे वेगळे, लोखंडी कपाटाचे त्याहून वेगळे. आणि सगळ्यात खाली, 'लीड – १५०'.

"हे काय?"

"तुम्ही."

"मी?"

"तुमचा नंबर ओ. कंपनीकडनं घ्यावा लागतो. फुकट नाय देत कोन."

कोथरूडातून कर्वेनगरला जायचं होतं. अंतर सांगायलाही संकोच वाटावा असं. तरी हल्लीच्या रीतीप्रमाणे इंटरनेटवर शोधलं. वरच्या सगळ्या ओळी 'प्रायोजित'. त्यातल्या एकीवर नाव, नंबर, कुठून कुठे आणि किती बीएचके हे भरलं. बटणावरून बोट उचलतोय तोच पहिला फोन. तो ठेवेपर्यंत दुसरा. जेवताना, अंघोळीला जाताना, बँकेच्या रांगेत, "सर, शिफ्टिंग है ना?" एकजण तर मी इंदोरलाच चाललोय या मतावरून हटेना. दुसऱ्याला कर्वेनगर किती लांब ते सांगितलं, तर म्हणाला, "सर, इसको शिफ्टिंग नहीं बोलते," आणि त्यानंच रागानं फोन ठेवला.

हे चालू असताना घरमालक वरून खाली उतरले. आम्ही घर सोडतोय हे त्यांना अजून सांगायचं होतं. पुण्यात अशी गोष्ट डिपॉझिटचा अंदाज घेऊन, योग्य वेळ बघून सांगतात. त्यांनी आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. "हल्ली मला सारखे हे सामान हलवणारे दिसतायत. मी तर याच वाड्यात जन्मलो, आता याच बिल्डिंगीतून खांद्यावरून जाणार. मग चाललंय कोण?"

वायफाय आमचं आणि त्यांचं एकच, बिल अर्धं अर्धं. एका राउटरमागचे सगळे फोन बाहेरून एकाच पत्त्यावरचे दिसतात, आणि जाहिराती विकणारे त्यावरून एक कुटुंब धरतात. म्हणजे अकरा-अकरा महिन्यांचे करार करून जी आपुलकी आली नाही, ती राउटरनं परस्पर जुळवून टाकली होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मालकांपर्यंत ते पोचलेलं नाही. भिंतींच्या रंगाचे पैसे कापून त्यांनी डिपॉझिट परत केलं.

तर टेम्पोवाला. या माणसाचा छोटा हत्ती आमच्या जुन्या गल्लीच्या कोपऱ्यावरच उभा असतो. दूध आणायला मी रोज त्याच्याच पुढून जायचो. गाडीवर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' ठळक, फोन नंबर मात्र घासून गेलेला.

"अहो दादा, तुम्ही इथं कोपऱ्यावर. मी इथं. मधे कंपनी कुठून आली?"

"तुमीच आनली. रोज समोरनं जाता, एकदा तरी इचारलं का? इचारलं असतं तर दीडशे वाचले असते."

"माझे."

"माझे! तुमच्याकडनं आता घेतोय, पन आधी माझेच गेलेत ना."

मग त्यानं मोबाईल काढून मला मीच दाखवला. माझं नाव, नंबर, एक बीएचके, तारीख, 'अर्जंट'. त्याखाली 'बजेट', आणि बजेटसमोर इंग्रजीत 'लो'.

"हे 'लो' कुणी लिहिलं?"

"तिकडनंच येतं."

"मी बजेट कुठेच लिहिलं नव्हतं!"

"न लिहिता कळतं त्यांना," तो आदरानं म्हणाला. मग माझ्या लोखंडी कपाटाकडे नजर टाकून, "आन् बरोबर असतं."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिनं हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

पुढे कळलं ते असं. माझा एकच नंबर पाच-सहा टेम्पोवाल्यांना विकला जातो. ज्याचा फोन आधी लागेल त्याचं गिऱ्हाईक, बाकीच्यांचे पैसे पाण्यात. याच्या चारातल्या तीन लीड अशा वाया जातात.

"मग त्या तिघांचे दीडशे-दीडशे कुठून काढता?"

"ते नाय लावले तुमाला." तो दुखावला. "हिशोबात गडबड नाय करत आपन. ते भाड्यात हायेत."

यात त्या बिचाऱ्याला तरी काय बोलणार? गूगलच्या शोधाच्या पानावर वर कोण दिसायचं याचा दरवेळी लिलाव होतो. बोली किती आणि जाहिरात किती बरी, यावर नंबर लागतो. माझ्या गल्लीतल्या हत्तीची बोली त्या कंपनीपुढे कुठे टिकणार? मग कंपनी तिकडे क्लिकचे पैसे मोजते, इकडे याला नंबर विकते आणि हा पत्रिकेमागे मला लावतो. कोपऱ्यावरून आमच्या दारापर्यंत यायला या माणसाला कॅलिफोर्नियामार्गे यावं लागलं, आणि त्या वळशाचं भाडं माझ्याकडून.

गंमत म्हणजे गूगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन या जोडीनंच १९९८ च्या आपल्या निबंधात लिहून ठेवलंय, की जाहिरातींवर जगणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणार आणि ग्राहकाच्या गरजेपासून लांब जाणार. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी ३५० जाहिरातदार घेऊन तेच दुकान मांडलं. २०२४ साली त्यांना जाहिरातींतून २६४ अब्ज डॉलर मिळाले. त्यात माझ्या दीडशेतले किती ते कोण सांगणार.

बरं, नावाजलेल्यांचीही यातून सुटका नाही. 'अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' हे नाव टाकून शोधलं तरी दुसऱ्यांच्याच जाहिराती येतात, म्हणून त्या नावाची मालक कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये खंडपीठानं सांगितलं, की गूगल यात नुसता बघ्या नाही. पण कुणाचं नाव शोधशब्द म्हणून विकलं एवढ्यानंच गुन्हा होत नाही, गिऱ्हाइकाचा गोंधळ उडाला पाहिजे. माझा उडाला होता. मला कोर्टात कुणी बोलावलं नाही. त्याच महिन्यात व्यक्तिगत डेटाचा कायदाही संमत झाला. संमती मोकळेपणानं दिलेली हवी, कशासाठी ते सांगून घेतलेली हवी वगैरे. फॉर्मच्या तळाशी 'मी सहमत आहे'ची खूण मी पोचायच्या आधीच करून ठेवलेली होती. म्हणजे सहमत होण्याचे कष्टसुद्धा वाचवलेले.

शेवटी मी तत्त्वावर आलो. "नंबर माझा आहे. विक्री झाली असेल तर निम्मे पैसे मला मिळायला हवेत."

"तुमी त्यांना कितीला दिला?"

"दिला म्हणजे... फॉर्ममध्ये भरला."

"फुकट ना? मी इकत घेतलाय."

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात बायको आतून पाकीट घेऊन आली. "द्या हो ते दीडशे. नाहीतर तिकडे 'व्हेरी लो' लिहितील."

पैसे मोजून घेतल्यावर तो जाता जाता म्हणाला, "कंपनीच्या ॲपवर पाच स्टार टाका साहेब. तेवढंच जरा वर दिसतो." मी ॲप उघडलं, तर आधी मोबाईल नंबर मागायला लागलं. बंद केलं. तेव्हापासून स्टारसाठी त्याचा फोन येतोय. मी उचलत नाही. काल तो बायकोच्या फोनवर आला. तिचा नंबर कितीला पडला, ते विचारायचं राहिलं.