पाव्हणं, धुरानं आलासा व्हय?

सुज्या येतो तेव्हा आधी त्याची पँट येते. या खेपेला पातळ, घोळदार, हत्तींच्या नक्षीची. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी असली पँट घालून यायचं म्हणजे छाती लागते. बंडाची म्हैससुद्धा दोन पावलं मागं सरली. बंडा खाली बसून धार काढत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "पाव्हणं, धुरानं आलासा व्हय?"

"आईला भेटायला आलोय."

"दर फेब्रुवारीला बरी आई आठवती तुला."

सुज्या थायलंडात चिआंग माईला राहून लॅपटॉपवर काम करतो, आणि तिथलं हे आता कट्ट्याला पाठ झालंय. डोंगरातली जंगलं पेटतात, मक्याची रानं पेटवतात, आणि शहर खोऱ्यात असल्यानं धूर तिथंच बसून राहतो. दोई सुथेप डोंगरावरचं सोनेरी देऊळ खालनं दिसेनासं होतं. हवेच्या आकड्यांचे लाल-जांभळे फोटो गेल्या वर्षी सुज्यानंच ग्रुपवर टाकले होते, जणू मेडल मिळाल्यासारखे.

"मी एकटाच नाही आलेलो," सुज्या म्हणाला. "सगळं निम्मान, म्हणजे तिथली आमची कॅफेवाली पेठ, रिकामी होते या दिवसांत. कुणी व्हिएतनामात दा नांगला जातं, कुणी बालीला. अख्खी कम्युनिटीच शिफ्ट होते."

"आणि तिथली माणसं?"

"ती राहतात ना. त्यांचं गावच आहे ते."

"म्हणजे हवा चांगली असंस्तवर तुमचं, धूर आला की त्यांचं," बंडा म्हणाला आणि पुढच्या दोन धारा जरा जोरातच चरवीत मारल्या.

(मी बंडाच्या बाजूचा आहे, हे लपवत नाही. आमचा रतीब त्याच्याकडं आहे.)

देसाई सर तेवढ्यात घसा खाकरून उभे राहिले. सर निवृत्त झाले, पण तास संपला नाही. "चिआंग माई म्हणजे नवं नगर. १२९६ साली मांगराय राजानं वसवलं. लान्ना राज्याची राजधानी..."

"सातशे वर्षं झाली तरी नवंच?" पिंट्या.

"आपला नवा राजवाडा १८८४ चा आहे," सर म्हणाले आणि बसले. सरांच्या तोंडून दहा वर्षांत निघालेला हा एकमेव विनोद, आणि तो त्यांनी विनोद म्हणून केला नव्हता.

सुज्यानं मग नेहमीचं सुरू केलं. हिंजवडीत रोजचे अडीच तास गाडीत जायचे, चिआंग माईत तो पाच मिनिटं चालत कॅफेत जातो, नेट सुसाट, कुणी हॉर्न वाजवत नाही. हे सगळं खरं असणार, त्याबद्दल वाद नाही. पण मधेच तो म्हणाला, "ॲज अ डिजिटल नोमॅड..." आणि बंडानं चरवी बाजूला ठेवली.

"नोमॅड म्हणजे आपला धनगर न्हवं का रं? माझ्या रानात दरसाली मेंढरं बसत्यात. दोन रात्री बसली की लेंडी-मूत पडतंय, पीक काळंभोर येतंय. म्हणून मी त्येला ज्वारी देतो, वर पैसे देतो. तू निम्मानला लॅपटॉप बसवलास. काय पडलं?"

सरांच्या नाकातनं दूध आलं. शेजारच्या म्हशीपाशी उभी असलेली, आमच्या ओळखीची नसलेली दोन माणसंही हसत सुटली.

"पैसा पडतो!" सुज्या तांबडा झाला. "१४ हजार बाट नुसतं खोलीचं भाडं देतो मी. ऐंशी बाटाची कॉफी पितो. स्कूटर भाड्याची. आमच्यावर कॅफे चालतात तिथले."

"कॉफी देणाऱ्या पोरीला काय मिळतंय?"

"ते मला काय माहीत?"

माहीत मला होतं, कारण आदल्या रात्री मी ते शोधून ठेवलं होतं. (वाद घरनं तयारी करून करायचा असतो.) २०२५ च्या जानेवारीपासून चिआंग माई शहराची किमान मजुरी दिवसाला ३८० बाट. बंडानं बोटावरच केलं, सव्वीस दिवस धरले तर दहा हजारालाही थोडे कमीच. "म्हणजे पोरगी महिनाभर राबली तरी तुझ्या खोलीचं भाडं निघत नाय. मग त्या खोलीत ती कधी राहायची?"

"मार्केट आहे ते, बंडा. मी नाही ठरवलं."

इथं पिंट्या बोलला. पिंट्या म्हणजे या सगळ्यात सुज्याचा एकमेव चाहता. व्हिसाचं काय, तिकिटाचं काय, दर वेळी विचारणारा. तो म्हणाला, "मी गोव्यात शिवोलीत हॉटेलला होतो बघा. लॉकडाउननंतर दिल्ली-बेंगळुरूची लॅपटॉपवाली माणसं आली. चांगली होती, टीप द्यायची. मालकानं आमची खोली रंगवली, एसी बसवला, आणि आम्हाला म्हणाला, महिनाअखेर." तो हसला. "टीप द्यायची पण."

त्यावर कुणाला काही सुचलं नाही. मग सुचण्याआधीच पिंट्या म्हणाला, "व्हिसाला काय लागतं पण?"

जुलै २०२४ पासूनचा तो नवा व्हिसा. पाच वर्षं चालतो, एका खेपेला १८० दिवस राहता येतं. पण खात्यावर ५ लाख बाट दाखवावे लागतात.

"रुपयात बोल."

"चौदा लाखांच्या घरात."

"तुझ्याकडं होते?"

सुज्या हत्ती मोजायला लागला, पँटवरचे. त्याच्या वडिलांनी मागच्याच वर्षी बंडाला सांगितलं होतं की उसाच्या बिलातनं साठवलेली एफडी मोडून पोराच्या खात्यावर टाकली. बंडा हे तेव्हाच बोलू शकला असता. आजसाठी राखून ठेवलं होतं त्यानं. "बाप कारखान्याच्या काट्यावर, आणि पोरगं ह्या डोंगरावरनं त्या डोंगरावर. ऊस तोडायला बीडवरनं माणसं येत्यात, पोरंबाळं घेऊन, सहा महिने खोपीत राहत्यात. त्यांना नोमॅड म्हण की. त्यांचं रील कोण काढत नाय."

"प्रत्येक गोष्टीत ऊस नको आणूस."

"बरं, काम तरी कधी करतोस तिथं?"

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा क्लायंट. थंडीत तिथले सकाळचे नऊ म्हणजे चिआंग माईत रात्रीचे नऊ, आणि आपल्याकडं साडेसात.

"म्हणजे इथली रात्रपाळी सोडून दीड तास उशिराच्या रात्रपाळीला गेलास," बंडा म्हणाला. "विमानानं."

शिवाय तो दिवस मोजतो. तिथं वर्षात १८० दिवस भरले की तिथला करदाता, इथं १८२ भरले की इथला. फोनमध्ये त्याचा तक्ता आहे. सर म्हणाले, ही मूळ नागरिकत्वाच्या संकल्पनेचीच... बंडा म्हणाला, घरजावई कुठंच व्हायचा नाय हा.

"मग एवढं असंल तर हितंच बस की," मी म्हणालो. "फायबर आलंय घरात."

सुज्यानं बराच वेळ घेतला. "इथं आई रोज एक बायोडेटा काढते."

खरं कारण एवढंच होतं! बालीबिली, कम्युनिटी, सगळं झूठ. पुढची दहा मिनिटं वाया गेली, कारण लग्नावरनं विषय २०११ च्या फायनलवर गेला. आमच्या पेठेच्या संघाची शेवटची पेनल्टी सुज्यानं बारवरनं मारली होती, थेट प्रेक्षकांत. "जबाबदारी आली की बाहेर, हे तवाच कळलं होतं," असं बंडा म्हणाला आणि सुज्यानं पंधरा वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं की बूट त्याच्या मापाचे नव्हते. बूट बंडाचे होते.

वातावरण निवळावं म्हणून सरांनी खाण्याचं विचारलं. खाओ सोई, सुज्या म्हणाला. नारळाच्या दुधाचा झणझणीत रस्सा, आत नूडल्स, वर तळलेल्या कुरकुरीत नूडल्स, बाजूला कांदा, लिंबू आणि आंबवलेली भाजी.

"मिसळच की!" तिघं एकदम.

"तिथं गोऱ्यांना फरांग म्हणतात," सुज्या पुन्हा रंगात आला.

"आणि तुला?"

"खॅक."

"म्हंजे?"

आता त्याच्या लक्षात आलं. पण शब्द तोंडातनं गेला होता. "आपल्यासारख्या लोकांना म्हणतात. मूळ अर्थ... पाहुणा."

बंडा म्हशीखालीच आडवा व्हायचा राहिला. "अरं मग मी आल्या-आल्या काय म्हणालो?"

साडेसात वाजले. सुज्याचा फोन थरथरला. मीटिंग. तो धावत कट्ट्याच्या पायरीवर बसला, कानात बोंडं घातली, मागचं सगळं पुसट होईल असं काहीतरी दाबलं आणि इंग्रजीत हसू लागला. पिंट्यानं मागनं स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून आमच्याकडं पळत आला. त्या यंत्रानं माणूस म्हणून म्हशीला धरलं होतं. तिचं तोंड स्वच्छ, एकेक केस दिसत होता, आणि सुज्या नुसता धूर.

दुधाचे पैसे पिंट्यानं दिले. सुज्याचा फोन मीटिंगमध्ये अडकलेला, आणि खिशात नुसते बाट.