कुत्रं कसं आहे?

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे बी-बियाण्यांचे आणि कीटकनाशकांचे दुकान आहे. वीस वर्षे गल्ल्यावर बसून मला एवढे पक्के कळले आहे की, आमच्या भागातले गिऱ्हाईक औषधाची पारख नाकाने करते. झाकण उघडून हुंगल्यावर डोळ्यांत पाणी आले नाही, तर शेतकरी बाटली माझ्याकडे परत सरकवतो आणि म्हणतो, "मालक, ह्याला वासच न्हाई की वो, अळी कशानं मरंल?" आत कोणता घटक किती टक्के आहे किंवा डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. या पारखीला मी मनातल्या मनात हसत आलो होतो आणि गल्लीतल्या कुत्र्याने माझी पोटरी धरली नसती, तर पुढेही हसत राहिलो असतो.

शेजाऱ्यांनी मोठ्या मायेने जखमेवर मिरचीपूड दाबून दिली आणि मला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेले. हा दवाखाना दिल्लीच्या कागदांत सामुदायिक आरोग्य केंद्र असतो, फाटकावरच्या पाटीवर ग्रामीण रुग्णालय असतो आणि बोलण्यात नुसता 'सरकारी' असतो. सपाट मुलखात साधारण 1 लाख 20 हजार लोकांमागे असे एक केंद्र असावे, त्यात 30 खाटा असाव्यात आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ व भूलतज्ज्ञ असावेत, असा दंडक आहे. आमच्याकडच्या खाटा मी मोजल्या नाहीत. पाटीवर भूलतज्ज्ञांच्या नावाची जागा मात्र कोरी होती, आणि ती नेमकी भूलतज्ज्ञांचीच असावी, याची मला त्या कळांमध्येसुद्धा गंमत वाटली.

सिस्टरने मिरची पाहून कपाळाला हात लावला आणि मला थेट अंगणातल्या नळावर पाठवले. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवायची, असा हुकूम होता. धोतर गुडघ्याच्या वर धरून, एका पायावर उभा राहून, तालुक्यातला प्रतिष्ठित व्यापारी पंधरा मिनिटे पोटरी धूत असल्याचे दृश्य केसपेपरच्या रांगेतल्या सगळ्यांनी पाहिले आणि त्यांतले निम्मे माझे उधारीचे गिऱ्हाईक होते. त्यानंतर जखमेच्या आत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन नावाचे औषध टोचण्यात आले. ते इतके दुखले की, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि औषध नक्की लागू पडणार, असे वाटून मला फार बरे वाटले.

खरी पंचाईत रेबीजच्या लशीने केली. सिस्टरने दोन्ही दंडांवर कातडीच्या वरच्यावर एकेक बारीक सुई लावली, तिथे मसुरीच्या दाण्याएवढा फुगा आला आणि काम संपले. मी विचारले, "सिस्टर, एवढीच?" त्या म्हणाल्या, "काका, कातडीत द्यायची लस एका ठिकाणी 0.1 मिलीच असते. आज झाली, आता तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी या." अर्थ मला समजला होता, पण मन मानत नव्हते. दुखत नाही, बाटलीत दिसतही नाही, आणि वर केसपेपरपासून सगळे फुकट. सरकारने 15 ऑगस्ट 2023 पासून अशा रुग्णालयांतले उपचार मोफत केले, याचे आम्ही चौकात स्वागतच केले होते, पण आता स्वतःच्या दंडावर वेळ आल्यावर पैसे न घेता टोचलेली सुई पैसे घेऊन टोचलेल्या सुईइतकी चालेल काय, ही शंका काही केल्या जाईना. निघताना सिस्टरने बजावले, "कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. ते आजारी पडलं किंवा मेलं, तर लगेच सांगा."

तिसऱ्या दिवशी मी रांगेतल्या बाकावर दोन तास बसलो आणि हा दवाखाना चांगला की वाईट, हे आमची माणसे कशावरून ठरवतात, याचे जे ज्ञान मला झाले, ते सरकारी दंडकांत कुठेही सापडणार नाही. एका तात्यांच्या मते सलाईन लावली तर इलाज, नाहीतर नुसती चौकशी. "ताप दाखवाया आलो, बाटली न्हाई की काय न्हाई, पांढऱ्या गोळ्या देऊन वाटंला लावलं." गोळीचा रंग हा तर मोठाच मुद्दा होता. रांगेतल्या समद्यांना एकच पांढरी गोळी मिळते, म्हणजे डॉक्टरला रोग वेगळे करता येत नाहीत, हे सर्वमान्य होते. सगळी औषधे खिडकीवरच मिळाली तर ती हलकी, आणि बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी लिहून दिली तर डॉक्टर हुशार. साहेबांनी नळी छातीला लावली की शर्टावरूनच टेकवली, याची नोंद ठेवणाऱ्या एक मावशी होत्या. दुसऱ्या एका बाईंनी मात्र दवाखान्याला पैकीच्या पैकी गुण दिले, कारण बाळंतपणानंतर सुनेला सोडायला 102 ची गाडी थेट दारापर्यंत आली होती आणि समोरच्या जावेने ती ओट्यावरून पाहिली होती. माझे दुखणे कळल्यावर तात्या तुच्छतेने म्हणाले, "आमच्या वक्ताला पोटात चौदा सुया असायच्या. आता काय, मुंगी चावल्यावानी." पोटातली ती जुनी लस 2004 च्या अखेरीस बंद झाली, हे मी त्यांना सांगितले, पण सांगताना माझाच आवाज पडला, कारण मनातून मी तात्यांच्या बाजूला होतो.

आत गेल्यावर सिस्टरचा पहिला प्रश्न होता, "कुत्रं कसं आहे?" माझी पोटरी त्यांनी त्यानंतर पाहिली.

सातव्या दिवशी फाटकातच फिनाईलचा वास आला आणि पायऱ्यांवर रांगोळी दिसली. स्वच्छ दवाखान्यांना बक्षीस देणाऱ्या सरकारी 'कायाकल्प' योजनेचे तपासणी पथक येणार होते. "आज लई भारी दवाखाना झालाय," असे तात्या दीर्घ श्वास घेऊन म्हणाले, आणि मला माझे दुकान आठवले. कुत्र्याची विचारपूस त्याही दिवशी झाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी एक विद्यार्थिनी प्रश्नावलीचा गठ्ठा घेऊन बाकाशी आली. 1980 च्या दशकात अमेरिकेत बँका आणि दुरुस्तीची दुकाने वगैरेंच्या सेवा मोजण्यासाठी जी 22 विधानांची पद्धत निघाली, तिच्यावरून हा कागद बेतला आहे, असे तिने मला समजावले. आधी अपेक्षा लिहायची, मग अनुभव लिहायचा, आणि अनुभवातून अपेक्षा वजा केली की गुणवत्ता निघते. माझ्या शेजारच्या आजींना तिने विचारले, "तुमची काय अपेक्षा होती?" आजी म्हणाल्या, "कशाची अपेक्शा, माय? दार उघडं असलं म्हंजी झालं." दार उघडे होते. त्या वजाबाकीत दवाखाना उत्तम ठरला आणि मुलगी चिंतेत पडली.

माझी पाळी आली तेव्हा शेवटची सुई घेऊन मी नुकताच बाहेर पडलो होतो. ते दहा दिवस कुत्रे नजरेसमोर राहावे म्हणून मी त्याला दुकानापुढे रोज दूध-भाकरी घातली होती. आता ते चांगले गुबगुबीत होऊन खताच्या पोत्यांवर झोपते आणि त्याच्या धाकाने उधारीवाले लांबूनच बोलतात. मुलीने विधान वाचले, "येथील कर्मचारी रुग्णाची आपुलकीने विचारपूस करतात." चारही खेपांना विचारपूस झाली होती, त्यात खोट नव्हती. ती कोणाची झाली, असा रकाना कागदावर नव्हता. मी 'पूर्णतः सहमत' यावर खूण करायला सांगितले.