बर्फ पाहिजे, थंडी नको

नवरात्रात जेवताना मी सहज बोलून गेलो की यंदा काश्मीरला जाऊया बर्फ बघायला, आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला शॉट लागलाय. घरात सगळ्यांना बर्फ पाहिजे, थंडी मात्र कुणालाच नको.

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लाई कलां' असते, म्हणजे नळातलं पाणी गोठतं ती थंडी. मग वीस दिवस चिल्लाई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लाई बच्चा. हे मी कौतुकाने सांगितलं तर आत्या म्हणाली, "मग बच्चालाच जाऊ रे, माझे गुडघे तेवढंच सोसतील." पण तो बच्चा येतो फेब्रुवारीच्या शेवटी आणि नेमकी तेव्हाच आमच्या बच्चीची दहावी. मग राहिली ख्रिसमसची सुट्टी, जेव्हा अख्खं पुणे श्रीनगरच्या विमानात बसलेलं असतं आणि तिकिटाचे आकडे बघून मलाच थंडी वाजते. बाबा म्हणाले झेलम एक्सप्रेसने जाऊ, जम्मूपर्यंत काय मस्त जाते. जाते ना, पण दोन रात्री गाडीतच जातात, सुट्टी आहे किती!

त्यात बाबांचं प्रीपेड सिम. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिकडे चालत नाही, पोस्टपेड लागतं, हे त्यांना पटतच नाहीये, "मी महिन्याच्या महिन्याला रिचार्ज मारतो, चालणार नाही म्हणजे काय?" गुलमर्गच्या गोंडोलाचं, म्हणजे केबल कारचं, तिकीट आधीच ऑनलाइन काढावं लागतं, तर आत्याला वरचा अफरवतचा टप्पा नको, १३ हजार फुटांवर तिला चक्कर येईल म्हणे. ही बाई पर्वतीच्या पायऱ्या रोज चढते.

परवा ऑक्टोबर हीटमध्ये थर्मलची ट्रायल झाली. पंखा पाचवर आणि बाबा हॉलमध्ये थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर माझं जुनं जर्किन आणि डोक्याला माकडटोपी घालून उभे. कानशिलावरून घामाची धार लागलेली, आणि आई मागून विचारतेय, "गार वारा लागतोय का कुठून?" तिची वेगळी बॅग भरून झालीये, त्यात मेतकूट, दशम्या आणि खोबरेल तेलाची बाटली. अगं ते तेल पुण्यातच डिसेंबरात थिजतं, तिकडे काय त्याची वडी पाडणार आहेस?

आणि एवढं करून बर्फ नसला तर? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं ठाक होतं, लोक स्की घेऊन गवताकडे बघत बसलेले. हे मी घरी सांगायला नको होतं. बाबांनी तडक मला हॉटेलवाल्याला फोन लावायला लावला, स्पीकरवर. बर्फाची गॅरंटी द्या, मगच अ‍ॅडव्हान्स. तो बिचारा हसून म्हणाला, "साहब, बर्फ तो ऊपरवाले के हाथ में है."

बाबांनी माकडटोपी काढली आणि मला म्हणाले, "मग अ‍ॅडव्हान्स त्यालाच पाठव."