भर पावसात डांबरावर घोडा पळवायचाय? मग हे वाचाच

सर्वप्रथम अभिनंदन. रविवारी पहाटे, पाऊस मी म्हणत असताना, घोडबंदर रोडवर टांग्यांची शर्यत लावायची म्हणजे काळीज लागतं. घोड्याचं.

महिना जुलैच धरा. कोरड्या रस्त्यावर कसली आलीय मजा?

जागा मेट्रोच्या खांबांजवळची बघा. खड्डे पाण्याने भरले की रस्ता सपाट दिसतो. मध्ये कुठे लोखंडी प्लेट टाकलेली असेल तर उत्तमच. ओल्या प्लेटवर लोखंडी नाल पडली की जे होतं, ते मोबाईलमध्ये फार छान येतं.

पुण्याचं अनुकरण मुळीच करू नका. तिथला रेसचा मोसम ऐन पावसाळ्यातला, तरी ती माणसं घोडे गवतावर पळवतात! वर शर्यतीआधी पेनेट्रोमीटर टोचून जमीन किती मऊ झालीय ते मोजतात, आणि ट्रॅक निसरडा वाटला तर शर्यती रद्द करतात. भित्री कुठली. तुमच्याकडे पेनेट्रोमीटर नसला तरी बाईकवाले आहेत, घोड्याच्या दोन्ही अंगांना हॉर्न वाजवत, एका हाताने रील काढत जाणारे. त्यातल्याच एकाने मी बसलो होतो त्या रिक्षाला हँडल घासलं आणि वर मलाच म्हणाला, "काका, साइडला घ्यायला सांगा ना, रेस चालूय!" घेतली साइडला. आमच्या डोळ्यांदेखत घोड्याचे पुढचे पाय सटकले, तो तोंडावर आपटला आणि मागून टांगा त्याच्या अंगावर. चाबूकवाले साहेब उतरले आणि आधी काय तपासलं? चाक! अहो, चारशे-पाचशे किलोचं जनावर ते, पायाच्या खालच्या भागात हाड आणि कंडरा, मांस जवळजवळ नाहीच. एक पाय मोडला की सगळा भार उरलेल्यांवर, मग त्यांचे खूर सुजतात. आठवडेच्या आठवडे आडवं पडून राहणं घोड्याला जमत नाही. म्हणून तर रेसकोर्सवरच्या लाखमोलाच्या घोड्यालाही कित्येकदा शेवटी मरणाचं इंजेक्शनच द्यावं लागतं. पण तिथे डॉक्टर हजर असतो. इथे काय होतं? "उठव रे लवकर, पोलीस येतील!"

संध्याकाळी त्याच घोड्यावर पोरांना फेऱ्या मारायला बसवा. पैसे वसूल.

दंडाला घाबरू नका. प्राण्यांच्या छळाचा कायदा 1960 चा, पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये. दोघांचा वडापाव-चहा तेवढ्यात होत नाही.

पण जनावर मारलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं? लाज नाही वाटली? तो लंगडत उठला आणि तुम्ही त्याला परत जुंपलात! एवढी हौस असेल तर पळा ना स्वतः त्या रस्त्यावर, अनवाणी. आणि बाल्कनीतून शूटिंग करून सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या पाठवणाऱ्यांनो, 112 लावायला काय झालं होतं? फोन तर हातातच होता.